मडक्याला लावलेला माईक

मडकं हललं. त्याच्या तोंडावर बांधलेलं लाल फडकं आतून कुणीतरी बोट लावल्यासारखं उचललं गेलं, आणि आठवड्यापूर्वी तापाने मेलेला रोशन बोलला.

“बाबाजी, मले रुखमाबाईनं खाल्लं.”

चामोर्शीकडच्या त्या गावात दिवाळीनंतरची मंडईची जत्रा भरली होती. भर दुपारी बांगड्यांचे आणि जिलेबीचे ठेले सोडून सगळं गाव दंडारीच्या मांडवात लोटलं होतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. रोशनचे आजोबा नानाजी काठी टेकत पुढे आले. मडक्यामागे मांडी घालून बसलेल्या मडकेबाबाने डोळे मिटून मान डोलावली, सौदा पटलेल्या दुकानदारासारखी.

मी तिथे गेले होते दंडारीची, म्हणजे तिकडच्या लोकनाट्याची, गाणी रेकॉर्ड करायला. एका कॉलेजच्या संग्रहासाठी ती हवी होती. निघण्याआधी सामानावरून तिथल्या सरांशी माझं कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणत होते, खिशात मावणारं छोटं यंत्र ने, नाहीतर मोबाईल आहेच. मी म्हटलं, मोबाईलमध्ये सगळ्या आवाजांची खिचडी होते, आणि शिजलेल्या खिचडीतून डाळ वेगळी निघत नाही. मला प्रत्येक गळा, प्रत्येक वाद्य वेगळं हवं होतं. म्हणून खांद्याला लटकवायचा आठ ट्रॅकचा रेकॉर्डर घेतला. त्यात प्रत्येक माईकचा आवाज आपापल्या ट्रॅकवर राहतो आणि हवा तो ट्रॅक एकटा ऐकता येतो. सेल साधे, खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळणारे. हेडफोन कान पूर्ण झाकणारा, कारण मंडईच्या गलक्यात उघड्या कानाला काही पत्ता लागत नाही. आणि वायरी गरजेपेक्षा जास्तच. सर म्हणाले, हमाल लागेल तुला. लागला नाही, पण खांद्यावर वळ उठले.

सकाळीच मी रुखमाबाईची भाताच्या रोवण्याची गाणी रेकॉर्ड केली होती. साठी उलटली तरी आवाज खणखणीत. मध्येच थांबून ती म्हणाली, “बाई, रोशन तापानं फणफणत होता. नानाजीभाऊले मी म्हटलं, दवाखान्यात न्या. बाबानं अंगारा लावून ठेवून घेतला. पोट्टा गेला न. आज मंडईत मी समद्यायले सांगनार आहो.”

तिने सांगितलंही. ते बाबाच्या कानावर गेलं आणि दुपारी मडकं मांडलं गेलं.

बाबा हौशी होता. मी माईक आवरायला लागले तर म्हणाला, “राहू दे न बाई. माह्या मडक्याले पन एक लाव. दुनियाले ऐकू जाऊ दे. भोंगा मात्र बंद. आत्मा लाजते भोंग्याले.”

आत्म्याला भोंग्याची लाज आणि रेकॉर्डिंगची हौस. त्याच्या हिशेबी माझं यंत्र म्हणजे मोठा मोबाईल, लोकांना ऐकू येईल तेच त्यात जाणार. मी मडक्याच्या गळ्याला माईक बांधला. ढोलकीला आधीचा होताच. ती आता बाबाचा चेला पवन मांडीवर घेऊन बसला होता, धुपाचा धूर लागतो म्हणून नाकातोंडाला दुपट्टा गुंडाळून. आणखी एक माईक लोकांकडे वळवलेला होता, दंडारीतल्या हशा-टाळ्यांसाठी.

“मेलेल्या मानसाची रेंज कमजोर रायते,” बाबाने बजावलं होतं. “गडबड करू नका.”

रोशन बोलला तेव्हा मी एकटा मडक्याचा ट्रॅक ऐकत होते. गावाला स्वच्छ ऐकू गेलेला आवाज माझ्या कानात शेजारच्या घरातून यावा तसा पुसट आला. जवळून आली ती नुसती खरखर. वायर सैल झाली असेल असं मला वाटलं, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “मारा बुढीले.”

पुढचं सांगताना मला आजही संताप येतो. बांगड्यांच्या ठेल्याजवळ उभ्या रुखमाबाईला केसांनी धरून ओढलं. ठेला उलटला, काचा तिच्या हातात घुसल्या. चपला बसल्या, लाथा बसल्या. “दात पाडा तिचे, मंतर निघून जाते,” असं कुणी सांगितलं आणि नानाजींनी हातातली काठी तिच्या तोंडावर मारली. चाळीस वर्षं एका भिंतीआडची शेजारीण. मी मध्ये पडले तर कुणाचं तरी कोपर माझ्या नाकावर बसलं आणि तोंडात रक्त आलं.

पाय धरून तिला मडक्यासमोर आणून टाकलं. गलक्यात तिचे ओठ हलताना दिसले, शब्द कळले नाहीत.

“रोशनबापू,” नानाजींनी मडक्याला विचारलं, “हिचं काय करू?”

मी भराभर ट्रॅक बदलत होते. तो आवाज कुठल्या तरी माईकवर जवळून यायलाच हवा होता. ढोलकीच्या ट्रॅकवर आले, ढोलकी थांबली, आणि माझ्या कानात कुणीतरी दमदार श्वास घेतला. मग अगदी कानाशी आवाज आला: “जाळा हिले.”

मडकं हललं. दोघं तनस, भाताचा सुका पेंढा, आणायला धावले.

समजावत बसायला वेळ नव्हता. मी दंडारीच्या लाऊडस्पीकरकडे पळाले, पिशवीतली जास्तीची वायर काढून रेकॉर्डर त्याला जोडला आणि ढोलकीचा ट्रॅक मागे नेऊन एकटा चालवला. भोंगा कडाडला. आधी श्वास. मग घसा साफ केल्याचा आवाज. मग “जाळा हिले”, आणि लगेच ढोलकीवर थाप.

“हा माईक ढोलकीले बांधला आहे,” मी ओरडले. “रोशन काय ढोलकी वाजवत होता?”

सगळ्या माना पवनकडे वळल्या. त्याने दुपट्ट्यावर हात ठेवला आणि तो पळत सुटला. मी जाऊन मडक्याला लाथ घातली. खापरं उडाली आणि आतून भाताच्या बांधीतला एक काळा खेकडा तिरपा तिरपा पळाला. फडकं तोच उचलत होता. जिथे हालचाल दिसते तिथूनच आवाज आला, असं कानांना वाटतं. बाहुलीच्या खेळात मुलं फसतात ती अशीच. माईकला डोळे नसतात, म्हणून तो फसला नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मंडई बाबावर तुटून पडली. तेच हात, त्याच चपला. त्याचं डोकं फुटलं. आणलेली तनस आता त्याच्या अंगावर पडली आणि नानाजींनी तीच काठी पुन्हा उचलली.

“फसवलं यानं आमाले.”

मी लोकांकडच्या माईकचा ट्रॅक लावला. भोंग्यातून गाव बोलू लागलं. मारा बुढीले. दात पाडा तिचे. तनस आना. गावात प्रत्येकाचा आवाज प्रत्येकाला ओळखू येतो. एकेक जण शेजाऱ्याकडे बघू लागला, मग खाली.

“नाव बाबानं पुढं केलं,” मी म्हणाले. “मारा कोन म्हटलं ते तुमीच ऐका. आन् मडकं काय बोललं, ते पन ऐका.”

मडक्याचा ट्रॅक मीही नीट ऐकला नव्हता. खेकड्याची खरखर आली. आणि तिच्यावर, अगदी जवळून, फुटलेल्या तोंडाने बोललेले शब्द आले.

“नानाजीभाऊ, दवाखान्यात न्या म्हटलं होतं न मी. पाया पडली होती तुमच्या.”

नानाजींनी काठी ठेवली आणि स्वतःच ट्रॅक्टर आणायला सांगितला. चामोर्शीपर्यंत रुखमाबाईचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्याच ट्रॉलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बाबा कण्हत होता. दवाखान्यात पोलीस आले, मी रेकॉर्डिंग त्यांच्या हवाली केलं. त्यात बाबाचा आणि पवनचा गुन्हा आहे, तसा गावाचाही आहे.

मेलेलं माणूस बोलत नाही. ते बोलल्यासारखं वाटलं, तर बोलणारा जिवंत माणूस शोधा आणि त्याचा फायदा कशात आहे ते बघा. त्यासाठी आठ ट्रॅकचं यंत्र लागत नाही. आणि ताप आला तर दवाखान्यात जा.

उन्हाळ्यात मी पुन्हा रुखमाबाईकडे गेले. समोरचे दात गेलेत, गाताना शब्द सांडतात. मी माईक जवळ सरकवला तर तिने तो हाताने बाजूला केला.

“माहे दात गेले तं गेले बाई,” ती म्हणाली. “मी म्हटलं तवाच ऐकलं असतं तं पोट्टा वाचला असता.”