अर्धी डिस्क

घरातली कुठलीही वस्तू बिघडली की ती धाकट्या दिराकडे जायची, आणि तिथून बहुतेक वेळा जास्तच बिघडून परत यायची. शिकला होता कॉमर्स, पण सगळे त्याला इंजिनियर म्हणत, आणि त्यातली चेष्टा त्याला कधी कळली नाही. आज मात्र त्याच्या वहिनीच्या अंगात चेष्टेचं त्राण नव्हतं. सासऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन ती बंद पडलेल्या डिस्कमधून फायली काढून देणाऱ्या दुकानात बसली होती, आणि तिची बारा वर्षांची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला हॉस्पिटलच्या कॉटवर होती.

लेकीच्या मेंदूत डाग दिसला होता. सारखं डोकं दुखतं म्हणून स्कॅन काढलं, त्यात. सर्जननी सरळ सांगितलं होतं, "डाग जुना असेल, तेवढाच असेल, तर हात लावणार नाही, नुसतं लक्ष ठेवू. नवा असेल तर थांबणं धोक्याचं. पण जागा वाईट आहे. ऑपरेशननंतर बोलण्यावर परिणाम होऊ शकतो. हिचं आधीचं स्कॅन आहे का?"

होतं. पोरगी सायकलवरून पडली तेव्हा आजोबांनीच स्वतःच्या स्कॅन सेंटरमध्ये काढलं होतं. त्या वेळचा रिपोर्ट घरात सापडला, पण त्यात हाड मोडलेलं नाही, रक्त साकळलेलं नाही, एवढंच. सर्जन म्हणाले, बारीक डाग नजरेतून सुटू शकतो, मला चित्र दाखवा, संध्याकाळपर्यंत आलं तर बरं, नाहीतर सकाळी ऑपरेशन. आजोबा आता नव्हते, सेंटरही बंद झालं होतं. जुनी चित्रं होती ती त्या कॉम्प्युटरमधल्या फायलींच्या वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क काही केल्या उघडत नव्हती. सगळं पुसून फॉरमॅट करू का, असं पडद्यावर विचारत होती. इंजिनियर 'हो' दाबणार एवढ्यात वहिनीने त्याचं मनगट धरलं होतं.

दुकानवालीने डिस्क काढली, स्वतःच्या मशीनला लावली आणि पडद्यावर आलेल्या ओळी खालपर्यंत वाचल्या. मग म्हणाली, "ही अर्धीच आहे."

"अर्धी म्हणजे?"

"दोन डिस्क जोडून कुणीतरी त्यांची एक मोठी केलीय. कुठली फाइल कुठे आहे ते हिला माहीत आहे, पण तुमच्या मुलीची फाइल दुसरीवर आहे. ती कुठाय?"

वहिनीने दिराकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"जागा पुरत नव्हती, म्हणून बाबांनी जोडायला सांगितल्या होत्या," तो म्हणाला. "मग सेंटर बंद झालं. परवा उघडून बघितलं तर एक जास्तीची वाटली. म्हटलं, कशाला पडून राहू द्यायची..."

"भावोजी, कुठे आहे ती?"

"फाटकावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग होतं त्या डब्यात."

दुकानवाली खुर्चीतून उठलीच. "कॅमेरा चालू आहे?"

"चोवीस तास."

"मग आत्ता या क्षणाला तो तुमच्या फायलींवर तुमचं फाटक छापतोय."

वहिनीने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"आई, कॅमेऱ्याचा प्लग काढा. आत्ताच्या आत्ता."

"कोणता गं? इथे चार आहेत. तुझ्या दिराने सगळे एकत्र गुंडाळून ठेवलेत."

"सगळे काढा."

"फ्रिजचासुद्धा?"

"फ्रिजचासुद्धा!"

फोनवर खडखडाट झाला, मग सासूबाई म्हणाल्या, "सगळे दिवे गेले. आता सांग, पोरगी कशी आहे?" वहिनीने फोन ठेवून दिला.

इंजिनियर डिस्क आणायला पळाला. तो परत येईपर्यंत वहिनीने मनातल्या मनात त्याचा पार उद्धार केला. हा माणूस कशात नाक खुपसल्याशिवाय राहत का नाही, आणि आपण इतकी वर्षं हसत का राहिलो? तो आला तो घामाने निथळत, डिस्क टॉवेलात गुंडाळून. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"मूळ डिस्कला मी हात लावत नाही," दुकानवाली म्हणाली. "आधी नक्कल काढणार, काम नकलेवर. कॅमेरा डिस्क सुरुवातीपासून भरत येतो. तुमची फाइल बरीच पुढे आहे. तो तिथवर पोचला नसेल तर मिळेल."

नक्कल सुरू झाली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. खिडकीतलं ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं. वहिनी सारखी एकच गोष्ट मागत होती: डाग असू दे. तेव्हाही असू दे, तेवढाच असू दे. आपण काय मागतोय हे तिच्या लक्षात आलं. लेकीच्या डोक्यात आणखी आधीपासून डाग असावा म्हणून आई देवाला विनवत होती. तरी तिने विनवणं थांबवलं नाही.

"कॅमेरा तुमच्या फाइलच्या अलीकडेच थांबलाय," दुकानवाली म्हणाली. "पोचला नाही तो."

तिने दोन्ही नकला जोडल्या, शोधून फाइल उघडली. काळ्या पडद्यावर करडी चित्रं एकामागून एक येत गेली. एकही फाटलेलं नव्हतं.

"मिळालं सगळं!" इंजिनियर हमसाहमशी रडायला लागला. "वहिनी, अख्खं मिळालं बघा."

वहिनीने मोबाइल काढला. त्यात नव्या स्कॅनचा फोटो होता, सर्जननी डागाभोवती लाल गोल केलेला. तो तिने पडद्याशेजारी धरला. दुकानवाली एकेक चित्र पुढे नेत नेमक्या त्याच पातळीवर थांबली.

तिथे काहीच नव्हतं. एक मागचं, एक पुढचं, पुन्हा मागचं. कुठे ठिपकासुद्धा नाही. दुकानवालीने चित्रं सर्जनना पाठवली. त्यांचा फोन लगेच आला.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "म्हणजे डाग नवा आहे. सकाळीच करू."

"करा," वहिनी म्हणाली.

इंजिनियर अजून डोळे पुसत दोघींच्या तोंडाकडे बघत होता. काय झालं ते त्याला उलगडत नव्हतं. तेवढ्यात लेकीजवळ थांबलेल्या नवऱ्याच्या नंबरावरून वहिनीला फोन आला. पण बोलत होती लेक.

"आई, सापडलं का गं?"

"सापडलं."

"मग आता केस कापायचे नाहीत ना? नर्स म्हणत होती, सगळे काढणार."

वहिनीने पडद्यावरच्या त्या स्वच्छ डोक्याकडे पाहिलं.

"नर्सला सांग, हात लावू नका," ती म्हणाली. "मी निघालेय. मीच कापणार आहे."