सगळ्यांना एक जून

धुळ्यातल्या आमच्या बालगृहाचा संगणक मी सांभाळतो. महिन्यापूर्वी त्यातली जुनी प्रणाली मी जागच्या जागी नवी केली. जुन्या माहितीची प्रत काढायला डिस्कवर जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला धीरही नव्हता.

नव्या प्रणालीत जन्मतारखेच्या रकान्यात फक्त तारीख चालते. जुन्यात काहीही चालायचं, आणि आमचे कारकून शालिग्रामनाना तिथे काहीही लिहायचे. मूल सोडायला आलेल्याला ते जन्म कधीचा विचारत आणि उत्तर त्याच्याच शब्दांत टाकत. ‘आखाजीना आदला दिन, झोका बांधेल व्हता,’ म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. ‘नरडाण्याची गाडी चुकली त्या दिवशी.’ अशा एकशे बारा नोंदी तारखेत बसेनात. दहाएक वाचून मी हसलो. जन्मतारीख माहीत नसलेल्या पोराला शाळेत घालताना एक जून लावतात, तसा मी सगळ्यांना लावून टाकला.

काल सपना आली. इथेच वाढलेली, आता शिरपूरला नर्स आहे.

“हितेंद्रभाऊ, माझी नोंद बघायचीय,” ती म्हणाली. “नाना म्हणायचे, अठराची हो, मंग तुनी मायनं बोलणं दखाडसू. मी अठराची झाले तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले. ते गेल्यावर इकडे यायचा धीरच झाला नाही.”

मी नोंद उघडली. जन्मतारीख एक जून.

“हे तर माझ्या दाखल्यावर आहेच. आईचं कुठंय?”

मी सगळं सांगितलं. कागदी रजिस्टर वाळवीने कधीच खाल्लं, तेही सांगितलं.

“तुम्ही वाचलं होतं माझं?”

“दहाएक वाचली होती. त्यात तुझं होतं का, आठवत नाही.”

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“मग त्यातलं आठवतंय ते एखादं लिहा,” ती म्हणाली. “कुणाचंही चालेल.”

मला स्वतःची लाज वाटत होती, तरी मी आखाजीची ओळ टाइप केली. खाली लाल अक्षरं उमटली: तारीख चुकीची आहे. पुन्हा टाइप केली. पुन्हा तेच.

“राहू द्या भाऊ,” सपना म्हणाली. “एक जूनचंच पान काढून द्या.”