नदीपलीकडचे शेजारी

इराकवर हल्ला सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. उर्जा तेव्हा कोलोनच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. तिच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात दुसऱ्या खोलीत हेदर राहायची. हेदर अमेरिकेची, डेट्रॉइटची. वर्षभर जर्मन शिकायला आलेली. शनिवारी सकाळी उर्जा स्वयंपाकघरात आली, तर हेदर आपल्या सॅकवर कॅनडाचा झेंडा शिवत बसली होती. तळहाताएवढा, मध्ये लाल पान.

"हे काय गं?"

"काल ट्राममध्ये मी फोनवर बोलत होते. माझं इंग्लिश ऐकून शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. जाताना काहीतरी पुटपुटली. मला भीती वाटते, उर्जा. कॅनडा या युद्धात आलेला नाही, त्यामुळे कॅनेडियन माणसावर इथे कुणी चिडत नाही."

उर्जाला हसू आलं. "पण तुम्ही अमेरिकन लोक त्यांना काय समजता?"

हेदरने दातांनी दोरा तोडला. "खरं सांगू? काहीच समजत नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला नदी आहे, पलीकडे विंडसर, म्हणजे कॅनडा. एकोणीस पूर्ण झाल्यावर आम्ही बिअर प्यायला तिकडे जायचो, कारण आमच्याकडे एकवीस लागतात. सभ्य माणसं, जराशी कंटाळवाणी, उठसूट सॉरी म्हणणारी. त्यापलीकडे मी कधी विचारच केला नाही. आणि आता ते युद्धाला आले नाहीत, तर माझे बाबा असे भडकलेत, जसं काही सख्ख्या भावानं दगा दिला. विंडसरच्या एका माणसाबरोबर ते वीस वर्षं मासे धरायला जातायत. आता त्याचा फोनसुद्धा उचलत नाहीत."

दोघींना त्या दिवशी बॉनला जायचं होतं. तिथल्या ओळखीच्या शैलाताईंनी पाडव्याचं जेवण शनिवारवर ढकललं होतं आणि "तुझ्या त्या मैत्रिणीलाही आण" असं बजावलं होतं.

दुपारच्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. पुढच्याच स्टेशनवर चार तरुण चढले. हातात बिअरचे कॅन, आवाज चढलेले. त्यांच्यातला करड्या टोपीचा एक जण हेदरचं इंग्लिश ऐकून थांबला.

"आमी?" त्याने विचारलं. अमेरिकन माणसाला तिथे असं म्हणतात, आणि त्या दिवसांत ती शिवीच होती.

"नाही. कॅनडा," हेदर जर्मनमध्ये म्हणाली आणि सॅक पुढे केली.

त्याने झेंड्याकडे बघितलं, मग उर्जाकडे. "खरं बोलतेय का ही?"

दहा दिवसांनी उर्जाला व्हिसा वाढवून घ्यायला आउसलेंडरबेहोर्डमध्ये, परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, जायचं होतं. कुठल्याही भांडणात, कुठल्याही कागदावर तिला आपलं नाव नको होतं.

"हो," ती म्हणाली. "कॅनडाचीच आहे."

टोपीवाला एकदम खुलला आणि हेदरच्या शेजारी येऊन बसला. "कॅनडात कुठे?"

"विंडसर."

"म्हणजे अमेरिकेच्या दारातच! मग सांग, ते लोक तुम्हाला काय समजतात?"

हेदर म्हणाली, "त्यांना आम्ही दिसतच नाही. आम्ही 'नाही' म्हणालो, तेव्हा पहिल्यांदा दिसलो."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" त्याने आपल्या मांडीवर थाप मारली आणि तिच्यापुढे कॅन धरला. हेदरने एक घोट घेतला. तिचे दात कॅनवर वाजलेले उर्जाला ऐकू आले.

आता निभावलं, असं उर्जाला वाटलं. तेवढ्यात मागचा एक दांडगा मुलगा म्हणाला, "आणि ही काळी? ही कुणाच्या बाजूची?" त्याने उर्जाच्या मांडीवरची बॅग ओढली. "बघा रे, बॉम्ब आहे का!"

चौघंही हसले. बॅगेतून शैलाताईंसाठी घेतलेला चॉकलेटचा डबा, प्रयोगशाळेची वही, पाकीट, सगळं खाली पडलं. पलीकडच्या बाकावरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र जरा आणखी वर धरलं. एक बाई खिडकीबाहेर बघत राहिली. उर्जाला ओरडायचं होतं. तोंडातून मात्र घाईघाईने भलतंच बाहेर पडलं.

"मी मुसलमान नाही. मी हिंदू आहे. हिंदू!"

"हिंदू म्हणे!" दांडगा हसला आणि त्याने बुटाने पाकीट दूर सरकवलं.

तेव्हा हेदर उभी राहिली. तिने वरचा दांडा धरला. "तिची बॅग दे," ती म्हणाली. "आणि मी कॅनडाची नाही. डेट्रॉइटची आहे. अमेरिकन. काय बोलायचं ते मला बोला."

टोपीवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मघाशी प्रेमाने पुढे केलेला कॅन त्याने तिच्या हातातून काढून घेतला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत तिच्या डोक्यावर ओतला. हेदर हलली नाही. डोळे मिटून उभी राहिली. गाडी ब्र्युलला थांबली, चौघं उतरले आणि गाडी हलेपर्यंत बाहेरून काचेवर मुठी आपटत राहिले. काच फुटेल असं उर्जाला वाटत होतं.

मग दोघींनी खाली बसून वस्तू गोळा केल्या. उर्जा ओढणीने हेदरचे केस पुसू लागली.

"कशाला बोललीस? त्यांनी मारलं असतं तर?"

"कुणास ठाऊक. तू माझ्यासाठी खोटं बोललीस ना," हेदर म्हणाली आणि तेव्हा कुठे रडायला लागली.

शैलाताईंनी दार उघडलं. "अगं बाई, ही अशी का भिजलीय? आणि तू का एवढी कापतेस?"

आधी त्यांनी हेदरला न्हाणीघरात धाडलं, आपले कपडे दिले, मग दोघींना पानावर बसवलं. हकीकत ऐकून त्यांचे यजमान प्रतापराव उठले. "चला, पोलिसांत."

"नको हो काका, माझा व्हिसा..."

"व्हिसाला काही होत नाही. तू काही केलेलं नाहीस."

तक्रार नोंदवली गेली. महिन्याभराने चौकीतून पत्र आलं, आरोपी सापडले नाहीत. उर्जाचा व्हिसा वाढला. हेदर जूनमध्ये परत गेली. पण त्यानंतर कितीतरी दिवस उर्जा भर दुपारीही ड्रायव्हरच्या मागच्या डब्यातच बसायची आणि कॅन उघडल्याचा आवाज आला की उठून दाराशी जायची.

त्या दिवशी वाढताना शैलाताईंनी विचारलं होतं, "आणि तुला काय म्हणाले गं?"

"काही नाही. बॅग ओढली नुसती."

आपण काय म्हणालो, ते तिने कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मोरोक्कन बाई भेटल्या. डोक्याला रुमाल, हातात ब्रेडची पिशवी. नेहमीसारख्या हसून "मोर्गेन" म्हणाल्या. उर्जाही म्हणाली, पण त्यांच्याकडे बघणं तिला जमलं नाही.