चोवीस तास पाणी

पाणीखात्यातल्या चावीवाल्याला साहेबलोक ओळखत नसत. पण बायका ओळखत, आणि पाण्याच्या बाबतीत बायकांपुढे साहेबांना विचारतो कोण? लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो निघाला की दारोदार हंडे बाहेर येत. चार गल्ल्या, प्रत्येकीला अर्धा तास. एकीचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय दुसरीचा उघडायचा नाही, कारण पाणीच मुळात तेवढं. त्याची सख्खी मोठी बहीण तिसऱ्या गल्लीत राहायची. तिलाही अर्धा तासच. "भाऊ पाणीवाला आणि बहीण कोरडी," असं ताई हसत हसत सगळ्यांना सांगायची.

बारा वर्षं तो रोजंदारीवर होता. कायम करतो, कायम करतो, हे ऐकून त्याचे कान किटले होते. म्हणून परदेशी कंपनीची माणसं कारखान्यासाठी जागा बघायला येणार असं ठरलं आणि साहेबांनी त्याला बोलावून चक्क खुर्ची दिली, तेव्हा तो तिच्या अगदी कडेला टेकला.

"पाहुण्यांना कामगारांची वस्तीही बघायचीय," साहेब म्हणाले. "एक गल्ली तू निवड. त्या दिवशी तिथे सकाळपासून पाणी हवं, बाकीच्या तिन्ही बंद. कुणी विचारलं तर चोवीस तास येतं म्हणायचं. एवढं निभावून ने, तुझ्या ऑर्डरवर सही करून टाकतो."

त्याने ताईची गल्ली निवडली. परक्या बाईला खोटं बोलायला सांगायची त्याला लाज वाटली. बहिणीला सांगायची वाटली नाही. आता बोला!

"अरे, पण बाकीच्या गल्ल्यांनी काय करायचं?" ताईने विचारलं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, ताई."

"आणि तुझ्या नोकरीचा जन्माचा," ती म्हणाली. "बरं. म्हणेन."

आदल्या दिवशी साहेबांच्या डोक्यात आणखी एक किडा वळवळला. दारादारात पिंपं उभी असली तर चोवीस तास पाण्यावर विश्वास कोण ठेवेल? झालं. कचऱ्याची गाडी आली आणि गल्लीतली पिंपं, हंडे, कळशा, एवढंच काय आंघोळीच्या बादल्याही भरून घेऊन गेली. ताई रिकाम्या मोरीकडे बघत म्हणाली, "घरातली माणसं उठून गेल्यासारखं वाटतंय रे."

पाहुणी आली. पन्नाशीची, उन्हाने लाल झालेली, बोलायला साधी बाई. बरोबर दुभाषी मुलगी आणि मागे साहेब. तिने ताईच्या मोरीतला नळ स्वतःच्या हाताने सोडला, तर धार अशी जोरात आली की तिचे बूट भिजले. ती हसली. ताईही हसली, तिनेही तो नळ असा कधी पाहिला नव्हता.

"पाणी किती वेळ येतं, असं विचारतायत," दुभाषी म्हणाली.

ताईने दारात उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. "चोवीस तास," ती म्हणाली, आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाली, "कधी बंदच होत नाही." खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस असंच जरा जास्त बोलून जातं.

पाहुणीने वहीत काहीतरी खोडलं आणि ती बराच वेळ बोलली. दुभाषी खुशीत सांगू लागली, "बाई म्हणतायत, कारखान्याआधी वस्तीची एक मोठी अडचण दूर करायची, असा त्यांच्या कंपनीचा नियम आहे. इथे पाण्याचे हाल आहेत असं त्यांना कळलं होतं, म्हणून धरणापासून नवी पाइपलाइन टाकायचं ठरवून त्या आल्या होत्या. आता गरज नाही. तो पैसा कारखान्याच्या रस्त्याला लावतील."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने पुन्हा भावाकडे पाहिलं. बाई, हे खोटं आहे. चार शब्द, आणि तेही आता त्यानेच बोलायचे होते. दुभाषी समोर होती, पाहुणी समोर होती. साहेब मात्र त्याच्याकडे न बघता खिशातलं पेन उगाच काढत-घालत होते. तो मनात शब्द जुळवत राहिला, तोवर पाहुणी निरोप घेऊन बाहेर पडलीसुद्धा. मग त्याने पुढे होऊन नळ तेवढा बंद केला.

आठ दिवसांत ऑर्डर आली. साहेब शब्दाला जागले, म्हणजे त्यांना दोष द्यायचीही सोय राहिली नाही.

त्याच दिवशी तिसऱ्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडून तो कोपऱ्याआड उभा होता. बाकीच्या गल्ल्यांतल्या बायका ताईच्या दारात जमल्या होत्या. एव्हाना गोष्ट सगळीकडे पसरली होती.

"नवी लाइन येणार होती, खरं का?" एकीने विचारलं.

"खरं," ताई म्हणाली.

"मग असं सांगायला तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. परदेशी बाई दारात आली, मला मिरवावंसं वाटलं. माझीच अक्कल शेण खायला गेली होती."

"आणि तुझा भाऊ? तो तिथेच होता ना?"

"तो काय करणार? त्याने सांगायचा प्रयत्न केला गं. साहेबांनी गप्प केलं त्याला."

"त्या बिचाऱ्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही," दुसरी म्हणाली. "पण तू यापुढे आमच्या दारात येऊ नकोस."

"नाही येणार," ताई म्हणाली.

कोपऱ्यापासून तिचं दार दहा पावलांवर होतं. त्याचा चेहरा भाजल्यासारखा तापला. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. ऑर्डर खिशात होती. त्याने एक पाऊल टाकलंही. मग घड्याळात बघितलं, अर्धा तास होत आला होता. त्याने व्हॉल्व्ह बंद केला, चावी खांद्यावर टाकली आणि मागच्या वाटेने चौथ्या गल्लीकडे निघून गेला.