पिशवीत थेंबही नाही

धाकटीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरात सगळेच म्हणत. पण त्या दिवशी जेवता जेवता भावोजींनी नव्या बोअरची बातमी दिली, तेव्हा तिनं हातातला घास ताटात आपटला.

धाकटी जंगलातल्या संशोधन केंद्रात कामाला होती. झाडं किती पाणी शोषतात, पानांवाटे किती वाफ सोडतात, हे मोजायचं तिचं काम. पावसानं लागोपाठ दोन वर्षं दगा दिलेला. आणि जंगलाला खेटून असलेल्या भावोजींच्या हॉटेलात पोहण्याच्या तलावासाठी जुनी बोअर अखंड उपसा करत होती.

"झाडं तर हिरवीगार दिसतायत. उगाच बाऊ करतेस," भावोजी म्हणाले.

"हिरवी आहेत, पण उपाशी आहेत. चला, दाखवते!"

तिनं हॉटेलच्या बागेतल्या, रोज पाणी मिळणाऱ्या झाडाच्या फांदीला प्लास्टिकची पारदर्शक पिशवी बांधली. तशीच दुसरी जंगलातल्या त्याच जातीच्या झाडाला. ऊन कलल्यावर ती भावोजींना घेऊन गेली. ताईही नवऱ्याच्या मागोमाग आली. बागेतल्या पिशवीत पाणी साचलं होतं. जंगलातली कोरडी ठणठणीत.

"पाणी राखायला पानांनी छिद्रं मिटून घेतलीत. पण हवाही त्याच छिद्रांतून आत जाते, आणि हवेशिवाय झाड अन्न कशाचं बनवणार?"

"मग ओतू एक टँकर," भावोजी हसले.

धाकटीचं डोकंच फिरलं. "टँकर? अख्ख्या डोंगराला? अहो, तुमचे पाहुणे ज्या गारव्यासाठी येतात ना, तो ह्या पानांच्या वाफेचा आहे! तुम्ही तोच उपसून तलावात भरताय!"

भावोजी काही बोलणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "जमीन माझी आहे. नवी बोअर होणार नाही, आणि तलावही आजपासून बंद." ती तरातरा पंपाच्या खोलीत गेली आणि तिनं खटका पाडला.

पुढं पाऊस बरा झाला, तरी वरच्या उतारावरची झाडं पालवली नाहीत. भावोजींनी अबोला धरला. त्याची धाकटीला फिकीर नव्हती. ती ताईवरच उखडली, "हे आधी का नाही केलंस?"

"तू इतकी वर्षं मोजत होतीस," ताईही चिडली, "मग एकदा तरी ओरडायचंस की!"

धाकटीनं पिशव्यांचा गठ्ठा काखेत मारला. पाय आपटत ती उतार चढू लागली.