मेलेल्या तारा

देवराव सोमकुवरांचं नाव एकाही कॅसेटवर छापलेलं नव्हतं. गायकाचं नाव ठळक, त्याखाली कवीचं, कोपऱ्यात संगीतकाराचं. उरलेल्या सगळ्यांसाठी एकच शब्द, 'साथसंगत'. त्या एका शब्दात ढोलकी, बेंजो, कोरसच्या बाया आणि देवरावांची बेस गिटार असे सगळे एका खोलीतल्या भाडेकरूंसारखे दाटीवाटीनं राहत. भीमगीतं, कव्वाल्या, लग्नाची गाणी, जे समोर येईल त्याला देवरावांनी उभी हयात खालून आधार दिला. ही गाणी जिथं रेकॉर्ड होत, तो बर्डीच्या बाजारातला स्टुडिओ बंद पडला, तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

त्यांची बायको अंजनाबाई जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली. नवऱ्याच्या कामाबद्दल कोणी विचारलं की ती आपल्या आईची ओवी सांगे:

वरी बोलते पाखरू, खाली मुकं मूळ,
पाखराले गाव-नाव, मुळाले माती-धूळ.

म्हणून दोन वर्षांपूर्वी एक चश्मेवाला पोरगा दारात येऊन "बेसवाले देवराव काका इथंच राहतात का?" असं विचारू लागला, तेव्हा तिला आधी वाटलं, कोणी वसुलीवाला असेल.

तो रोशन. बँकेत नोकरीला. जुन्या कॅसेटी गोळा करायचा त्याला नाद. वेगवेगळ्या गायकांच्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाण्यांत खाली एकच हात वाजतो आहे, हे त्यानं कानानं ओळखलं होतं. तो हात शोधत तो इंदोरा वस्तीतल्या या दोन खोल्यांपर्यंत आला. मग शाळेत गाणं शिकवणारी पायल आली. काटोलचे श्रीधर, संत्र्याच्या बाजारात अडत करणारे, एसटीनं येऊ लागले, त्यांच्या थैलीत नेहमी देवरावांसाठी संत्री असत आणि अंजनाबाई नेहमी म्हणे, "शुगरवाल्याले संत्री काहून आणता गा? मले द्या." पुढं वीस-बावीस जण झाले. त्यांनी आपल्या मंडळाला 'खालचा सूर' असं नाव ठेवलं. दर रविवारी घर भरे. गाणी लागत, वाद होत. देवरावांचा तो आवाज नेमका आला कुठून? कोणी म्हणे लाकडातून, कोणी म्हणे स्टुडिओच्या मशिनीतून. टण्ण करून घुमत राहणारा तो नव्हता. भरल्या माठावर तळहात पडावा तसा गोल, ठुम्, आणि लगेच मातीत मुरून जाणारा.

देवराव नुसते हसत. थेट त्यांनाच कोणी विचारलं नव्हतं.

अंजनाबाईला माहीत होतं. ती गिटार त्यांनी कामठीतल्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून घेतली होती, आणि तिच्या तारा तेव्हाच्या होत्या. कधी बदलल्या नाहीत. घाम, खोबरेल तेल, स्टुडिओतली धूळ, लग्नातली हळद, सगळं त्या तारांनी पिऊन घेतलं होतं. देवराव म्हणत, "मेलेल्या तारा हायेत ह्या. म्हणून गाणाऱ्याच्या आड येत नाही."

देवरावांना साखरेचा आजार जुना. पायाचं एक बोट काढावं लागलं, तेव्हापासून डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय रोज पाहायचे. जखम झाली तरी यांना कळणार नाही. म्हणून रोज सकाळी अंगणात त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन अंजनाबाई उजेडात तळवा न्याहाळी, तांदळातला खडा शोधावा तशी. हाताची बोटंही बधिर झाली होती. शर्टाच्या गुंड्या तीच लावून देई. पण गिटार हातात आली की ती बधिर बोटं आपसूक जागेवर जाऊन बसत. ती तार मऊ होती, ओळखीची होती. तेवढं एक सुख त्या देहात उरलं होतं, आणि ते जाऊ नये एवढंच अंजनाबाईचं मागणं होतं.

भीमजयंतीच्या आधी मोठा सत्कार करायचा, असं मंडळानं ठरवलं. हॉल, बॅनर, शाल, आणि शेवटी काकांनी स्टेजवर एक गाणं वाजवायचं.

"बॅनरवर नाव राहीन न माहं?" देवरावांनी विचारलं.

"फक्त तुमचंच नाव आहे, काका," पायल म्हणाली. "गायकाचं बारीक."

देवराव खो खो हसले. अंजनाबाईनं त्यांना इतकं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

जाताना रोशन गिटार घेऊन गेला. "सर्व्हिसिंग करून आणतो, काका. एकदम चकाचक."

गिटार परत आली ती नव्या नवरीसारखी. पॉलिश मारलेली, तारांखालच्या पट्ट्या घासलेल्या, आणि चार कोऱ्या तारा. उन्हात चमकणाऱ्या, बारीक वेढ्यांच्या, हात फिरवला तर कानशीसारख्या लागणाऱ्या. "बाहेरून मागवल्या," रोशन म्हणाला. "सगळ्यांनी मिळून. जुन्या त पार सडल्या होत्या."

देवरावांनी एक तार छेडली. टण्ण. आवाज खोलीभर फिरत राहिला, पितळी ताट पडल्यासारखा. कोणीतरी टाळी वाजवली.

"बढिया," देवराव म्हणाले. मग जरा थांबून, जणू सहज आठवलं म्हणून, "अन् त्या जुन्या कुठं हायेत बेटा?"

पायलनं हसत पर्समधून चाव्या काढल्या. चाव्यांच्या कडीला बोटभर काळसर तारेचा तुकडा लावला होता, दोन्ही टोकांना चांदीची टोपणं. "एकेक तुकडा सगळ्यांनी घेतला, काका. तुमचा हात लागलेला आहे त्याले. मी त रोज डोक्याले लावून घराबाहेर पडते."

श्रीधरनी खिशातून आपला तुकडा काढून कपाळाला लावला.

देवराव त्या तुकड्यांकडे पाहत राहिले. "बरं केलं," ते म्हणाले. "चांगलं केलं."

मंडळी गेल्यावर ते अंजनाबाईला म्हणाले, "ही माही गिटार नाही राहिली वं."

"मंग सांगाचं होतं न त्याहिले! तोंड नाही का तुमाले?"

"काय सांगू? पोट्ट्याहिनं जीव लावून केलं. अन् सांगूनबी तारा काय जुळून येणार हायेत?" त्यांनी मान हलवली. "मारावं लागते यांना. घासून घासून. कार्यक्रमापर्यंत मरतीन थोड्याफार."

मग तारा मारायचं काम सुरू झालं. सकाळचा चहा झाला की देवराव गिटार घेऊन बसत आणि डाव्या हाताची बोटं तारेवर दाबून वर-खाली, वर-खाली ओढत राहत. मीठ रगडावं तसा आवाज येई. अंजनाबाई तेलाचा बोळा फिरवी. तिला वाटे, आपणही एका कामाला हात लावतो आहोत. जेवण झालं की पुन्हा तेच. संध्याकाळी ते कान लावून एक सूर छेडत आणि म्हणत, "अजून जित्या हायेत साल्या."

पाय ती रोज पाहत होती. हात पाहायला कोणी सांगितलं नव्हतं.

बोळ्यावर एकदा तांबूस डाग आला. तिला वाटलं, तारेचा गंज. मग तिच्या ध्यानात आलं, कोऱ्या तारेला गंज कुठला? तिनं त्यांचा हात ओढून उजेडात धरला. मधल्या दोन बोटांची टोकं सोलली होती, कातडीच्या चिरा उघड्या पडल्या होत्या, आणि एका चिरेच्या कडेला पांढुरकं काही जमलं होतं. बोट फुगून चकाकत होतं.

"दुखत नाही का हे?"

"नाही वं. काहीच नाही," देवराव आश्चर्यानं म्हणाले, दुसऱ्याचा हात पाहावा तसे.

"चला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"भरती करून घेतीन ते. परवा कार्यक्रम हाये."

"मेला तुमचा कार्यक्रम! पायाचं बोट गेलं तवा असंच दिसत होतं, विसरले का?"

"अंजना," ते म्हणाले. एरवी ते तिला नावानं हाक मारत नसत. "आयुष्यभर मी दुसऱ्याच्या गाण्याखाली वाजवलं. एक डाव लोकं मले ऐकाले येऊन राहिले. मले. दोन दिवसानं काय होते?"

तिनं रोशनला फोन लावला. देवरावांनी तो हातातून घेतला. "काही नाही बेटा, जरासं खरचटलं. तुह्या काकूले काळजीची सवय हाये." गल्लीतल्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्या, पट्टी बांधली. दोन दिवस ती हातावर फुंकर घालत राहिली, आणि त्यांना ती फुंकरही कळत नव्हती.

हॉल भरला होता. कन्हानहून, मौद्याहून, भंडाऱ्याहून लोक आले होते. बॅनरवर देवरावांचं नाव हातभर मोठं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पट्टी सोडून गिटार घेतली आणि वाजवलं. एक सूर चुकला नाही. पण कोऱ्या तारा टणटणत होत्या, गाणाऱ्याच्या आवाजावरून वर वर जात होत्या, शुभकार्यात कोणी मोठ्यानं भांडावं तशा. पहिल्या रांगेत बसलेल्या अंजनाबाईला लाज वाटली. तिला वाटलं, आता कोणी तरी उठेल, म्हणेल, हे काय, हा तो आवाज नाही.

लोक उठले. सगळा हॉल उठला. मोबाईलचे दिवे हलू लागले. पायल रडत होती. श्रीधरनी स्टेजवर जाऊन देवरावांच्या पायाला हात लावला आणि गदगदून म्हणाले, "तोच आवाज, काका! बिलकुल तोच!"

ऑटोत देवरावांचं अंग तव्यासारखं तापलं होतं. डोळे मिटून ते म्हणाले, "एकालेबी समजलं नाही वं. एकालेबी."

तिथून थेट मोठ्या दवाखान्यात. विष तळहातात उतरलं होतं. आधी दोन बोटं गेली, आठवड्यानं तिसरं, आणि त्याखालचा तळव्याचा भाग. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी राहिली. 'खालचा सूर'वाले पाळ्या लावून व्हरांड्यात बसत, रक्त देत, डबे आणत. देवरावांनी बायकोला निक्षून सांगितलं होतं, "शुगरनं झालं म्हणाचं. तारेचं नाव काढाचं नाही."

तिनं नाव काढलं नाही. पण एक दिवस रोशन खाटेजवळ आला, त्यांना बरं वाटावं म्हणून मोबाईलवर कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला. "काका, पाहा न, किती लोकांनी पाहिलं! सगळे लिहून राहिले, काय हात आहे म्हणून!"

देवरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पांघरुणाखाली त्यांचे खांदे हलू लागले.

अंजनाबाईनं रोशनला दंडाला धरून व्हरांड्यात आणलं. पायल तिथंच होती. अंजनाबाईनं दोघांना सगळं सांगितलं. ओरडली नाही. जुन्या तारांचं, नव्या तारांचं, घासण्याचं, बोळ्यावरच्या डागाचं. "ज्या आवाजासाठी तुमी ह्या घरी आले, तो त्या सडक्या तारांत होता. तुमी त्याचे तुकडे करून वाटून घेतले. अन् दुसराच आवाज वाजला तवा उभं राहून टाळ्या पिटल्या. एवढंच तुमाले सांगाचं होतं."

पायलनं हातातला डबा बाकावर ठेवला आणि दोघं निघून गेले.

गोष्ट मंडळभर गेली, आणि त्यानंतर कोणी आलं नाही.

देवराव घरी आले. पहिल्या रविवारी त्यांनी सकाळीच आंघोळ केली, अंजनाबाईकडून गुंड्या लावून घेतल्या आणि दाराकडे तोंड करून बसले. उन्हं चढली, उतरली. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. संध्याकाळी ते म्हणाले, "पोट्टे काहून नाही आले?"

"कामं असतीन."

"कामं कायचे? बोटं गेली माही. आता ह्या म्हाताऱ्याचं काय काम?" ते अगदी साधेपणानं म्हणाले. तारेनं हात नेला होता. माणसं अंजनाबाईच्या बोलण्यानं नेली होती.

ती परसात गेली आणि पायलला फोन लावला.

"काकू," पलीकडून आवाज आला, "कोणत्या तोंडानं येऊ आमी?"

"ज्या तोंडानं तारा नेल्या त्याच तोंडानं ये वं. त्याहिले काहीच माहीत नाही मी तुमाले सांगितलं ते. अन् माहीत होऊ द्याचं नाही. रडाचं असन त घरून रडून या. पण या."

पुढच्या रविवारी ते आले. वीस-बावीस नव्हते, रोशन, पायल आणि काटोलहून श्रीधर, थैलीशिवाय. भर मे महिना. तिघं सतरंजीवर बसले, परक्याच्या घरी पहिल्यांदा आल्यासारखे, कडेकडेला. देवरावांचा चेहरा उजळला. त्यांनी पट्टीचा हात टॉवेलखाली सरकवला, पाहणाऱ्याला त्रास नको म्हणून.

"अरे, बसले काय मुके?" ते म्हणाले. "लावा न गा एखादं गाणं. हात गेला, पण कान त शाबूत हायेत न माहे!"

रोशननं मोबाईल हातात घेतला आणि तसाच धरून राहिला. श्रीधर फरशीकडे पाहत होते. पायलनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, तरी आवाज फुटलाच.

देवरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "तिले पाणी दे वं अंजना. पोरगी उन्हातून आली."