माझ्या काचेवरचं प्लास्टिक

या मित्रांनो, सरका जवळ. धूळ आहे माझ्या अंगावर, पण गोष्ट चांगली आहे. ऐकूनच उठा.

मी एक जुना ठशांचा डबा आहे. म्हणजे बोटांचे ठसे घेणारं मशीन, पण नोंदणी कचेरीत सगळे मला डबाच म्हणायचे. वर पंज्याएवढी काच, बाजूला दिवा. ठसा उमटला की दिवा हिरवा, नाही उमटला की लाल, आणि वर माझं टूं-टूं. शाळेत काम करायचं तर माझ्यापुढे आल्याशिवाय सुटका नाही. सर्टिफिकेटवाल्या मास्तरांपासून फाटकावर पोरांचे हात धरणाऱ्या मावशीपर्यंत सगळ्यांनी नाव नोंदवायचं, फोटो द्यायचा, बोटं टेकवायची, आणि काही वर्षांनी परत यायचं. लोक कुरकुरायचे. पण आपलं लेकरू कुणाच्या हाती देतोय, हे आईबापाला कळायला नको?

आमचे कारकून काका मला फार जीव लावायचे. मी आलो त्याच दिवशी त्यांनी काचेवर पातळ प्लास्टिक चिकटवलं, मोबाइलला लावतात तसलं. ओरखडा पडू नये म्हणून. येईल त्याला सांगायचे, काच बघा, अजून नवीकोरी आहे. मीही फुगायचो. हळूहळू प्लास्टिक पिवळं पडलं. तरण्या मास्तरांची बोटं तरीही उमटायची, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग एक दिवस एक मावशी आली. छोट्यांच्या वर्गात नाकं पुसण्यात, पेले धुण्यात, फरशा घासण्यात तिचं आयुष्य गेलेलं. बोटांच्या रेषा पार झिजलेल्या. नोंदणीची मुदत त्याच दिवशी संपत होती. ठसे आले नाहीत, तर उद्यापासून शाळेच्या फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही. तिनं अंगठा टेकवला. मी लाल. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. काकांनी तिला हात धुवायला लावले, चोळायला लावले, स्वतः बोट धरून दाबलं. माझं आपलं टूं-टूं चालूच. शेवटी काका मान खाली घालून म्हणाले, बोटांवर काही उरलंच नाही हो मावशी.

तिनं हात काकांपुढे धरले. "असं कसं, काका? रडणाऱ्या पोराला पाठीमागून नुसता हात लावला, तरी ते ओळखतं मला. तुमच्या डब्यालाच बरं ओळखू येत नाही."

काका हसायला गेले आणि मध्येच थांबले. माझ्यावर वाकले. नखानं प्लास्टिकचा कोपरा उचकटला. इतकी वर्षं जपलेलं ते. चर्रकन निघालं, मावशीनं अंगठा टेकवला, आणि मला पहिल्यांदाच माणसाचं बोट लागलं. खरखरीत, ऊबदार. रेषा पुसट होत्या, पण होत्या. मी हिरवा झालो.

मावशी माझ्यावर हात फिरवून म्हणाली, "थांबला बघा रडायचा."

दुसऱ्या दिवशी ती फाटकावर उभी होती, असं काकाच सगळ्यांना सांगत सुटले. पुढे ते मला रोज मऊ फडक्यानं पुसायचे. आता नवं मशीन आलंय, काका घरी बसलेत, आणि मी या फळीवर.

मित्रांनो, एवढंच मागतो. कुणाच्या हातात काही उरलं नाही असं वाटलं, तर आधी आपली काच पुसून बघा. आणि जाता जाता, जमलं तर, माझीही एकदा पुसा.